पळसाचा जावई

तात्यांच्या आवाजाला दुपार लागत असे. सकाळी तो बसलेला, कफाने भरलेला, आईकडे तांब्याभर पाणी मागण्यापुरताच असायचा. पण ऊन देवळाच्या दीपमाळेवरून खाली उतरलं, मुठेकडून वारा सुटला आणि ओवरीतल्या चौरंगावर पोथीचं तांबडं फडकं सुटलं, की तोच आवाज रांजण भरावा तसा हळूहळू भरत जायचा. माझे वडील पुराणिक होते. पोथीतला श्लोक म्हणायचा आणि मग त्याची मराठीत कथा करून सांगायची, हा त्यांचा उद्योग. उजवीकडे पुरुष बसत, डावीकडे खांबांच्या पलीकडे बायका वाती वळत बसत. मी आईच्या मांडीला टेकून ती कथा अर्धी जागेपणी आणि अर्धी पेंगेत ऐके. त्यामुळे पोथीतले कोणते हत्ती तात्यांनी सांगितलेले आणि कोणते माझ्या झोपेत आलेले, हे मला आजही नीट वेगळं करता येत नाही. दोन्हीकडचे हत्ती सारखेच धुळीत उभे असत, आणि त्यांच्या गळ्यातल्या घंटा देवळातल्या घंटेच्याच आवाजात वाजत.

सगळ्यात जास्त गर्दी लढाईला. ज्ञानाचा, वैराग्याचा भाग चालू असला की पुरुषांची बाजू निम्मी रिकामी, उरलेले खांबाला टेकून डुलक्या घेणारे. रणाचा अध्याय लागल्याची कुणकुण मात्र पेठापेठांतून पोचायची, आणि म्यानं गुडघ्यावर आडवी टाकून शिलेदार, कारकून, सावकारांची रिकामटेकडी मुलं असे सगळे पुढे सरकून बसायचे. तात्या तोंडाने शंख फुंकत, रथाची चाकं घरघरवत, बाण सुटला की टाळी वाजवत. त्या काळी आमच्या पुण्यात लढाई ही शेतीसारखी नेमाची गोष्ट होती. दसऱ्याला माणसं निघायची, पावसाच्या आत परतायची. येताना कुणी लुगडी आणी, कुणी घोडं आणी, कुणी नुसत्याच गोष्टी. आई एकदा तात्यांना म्हणाली होती, "लढाई म्हटलं की पुढे सरकतात सगळे. मागे सरकायची वेळ येते तेव्हा दिसत नाहीत कुणी." तात्या हसले होते. त्यांना त्या गर्दीचा आनंद व्हायचा, आणि का होऊ नये?

त्यांची एक रीत होती. शेवटचा वीर पडला, विजयाच्या नौबती झडल्या, की ते पोथीची दहा-बारा पानं एकदम उलटत आणि थेट राज्याभिषेकावर येत. मग साखर वाटली जाई. मधल्या पानांत काय आहे असं कुणी विचारत नसे, आणि विचारलंच तर सगळ्या पुराणिकांचं उत्तर एकच असे: फौज बाहेर असताना तो अध्याय वाचत नाहीत, वाचला तर घरावर येतो. फौज तर कायमच बाहेर असायची. त्यामुळे ती पानं कोरी करकरीत राहिली होती, बाकीच्या पोथीला मात्र तात्यांच्या बोटांचा तेलकट रंग चढला होता.

मला हे ठाऊक होतं, कारण ती पोथी मी हाताळत असे. तात्यांची नजर लवकर अधू झाली. मुलगा नव्हता. मग त्यांनी मला धुळपाटीवर अक्षरं शिकवली, आणि सकाळी दार लोटून घेऊन मी त्यांना त्या दिवसाचे श्लोक वाचून दाखवू लागले, म्हणजे दुपारी त्यांना नुसतं पोथीकडे बघितल्यासारखं केलं की भागे. मुलीच्या जातीने अक्षराला हात लावला की घरातलं कुंकू पुसलं जातं, अशी तेव्हा सगळ्यांची खात्रीच होती. आई रोज दाराची कडी तपासायची. आज माझ्या अंगावर आलवण आहे आणि डोक्यावर केस नाहीत. पण माझा नवरा माझ्या वाचण्याने गेला नाही, म्हातारपणी दम्याने गेला, आणि जाईपर्यंत माझ्याकडूनच पोथी वाचून घेत होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

माझी थोरली बहीण गोदूअक्का. तिला वाचायला येत नव्हतं, शिकायचंही नव्हतं. तिचे हात कामात चालत आणि मन दुसरीकडेच कुठे तरी असायचं. तिचं सासर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, दोन गल्ल्या सोडून. तिचे यजमान, माझे विसाजी भावोजी, एका सरदाराच्या फडावर कारकून होते. उंच, किडकिडीत, आणि मान अशी बारीक की पागोटं त्यांच्या डोक्यावर पाहुण्यासारखं बसे. मला ते शास्त्रीणबाई म्हणत. आमच्याकडे जेवायला आले की आई अळूचं फदफदं करी, आणि ते इतक्या मोठ्याने भुरके मारत की आत आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसायचो. लढाईबद्दल विचारलं की म्हणत, "आम्ही लढाईत असतो म्हणजे लढाईच्या दोन कोस मागे. तिथे शाई वाळते, आणि डास सोडला तर आमच्यावर कुणी चाल करत नाही." दसऱ्यानंतर उत्तरेची मोठी मोहीम निघाली तेव्हा ते कलमदान कमरेला खोचून त्याच हसऱ्या चेहऱ्याने निघाले. अक्का दाराआड उभी होती. तिने त्यांच्या शिदोरीत मेतकूट जरा जास्तच घातलं होतं, एवढंच तिचं निरोप घेणं.

भावोजी परत आले नाहीत. हे इथेच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा उगाच दाराकडे बघत बसेल. त्या वर्षी पाऊस आला तो शहराला जणू झोपेतच भेटला. गल्ल्यांतून माणसं हळू चालत. संध्याकाळी दिवे लागत, पण घराघरांतून बोलण्याचा आवाज येत नसे. नुसती भांडी वाजत. परतणारे एकेक, दोनदोन करून येत, अनवाणी, दाढ्या वाढलेले, आणि दारात उभ्या असलेल्या बायकांच्या नजरा चुकवून जात. बाहेरून घोड्याची टाप ऐकू आली की अक्का हातातलं काम थांबवायची, टाप पुढे गेली की पुन्हा सुरू करायची. तिला आईने माहेरी आणलं होतं. ती दिवसभर ओसरीत बसून पत्रावळी लावायची. धायरीची एक बाई डोक्यावरून पळसाची पानं आणून टाकी आणि म्हणे, "पान लई ग्वाड हाय औंदा, ताई." अक्का मान हलवायची आणि काडीने पानाला पान जोडत राहायची. कपाळावर कुंकू ठसठशीत, हातात चुडा. शेजारणी ते कुंकू बघायच्या, मग माझ्याकडे बघायच्या. माझ्या वाचण्याची बातमी दाराच्या कडीखालून केव्हाच बाहेर गेली होती.

असा दुसरा पावसाळाही गेला. मग एके दिवशी अक्काचे सासरे दाजीबा, सासूबाई आणि त्यांच्या ओळखीचे एक शास्त्रीबुवा असे तिघे आमच्याकडे आले. दाजीबा ताठ कण्याचे, कमी बोलणारे; मी त्यांना हसताना कधी पाहिलं नव्हतं. पुरुष ओसरीत बसले, आम्ही दाराआड. गोष्ट अशी होती, की धाकट्या दिराचं लग्न ठरलं होतं. परतलेल्या एका शिपायाने सांगितलं होतं, की नदी ओलांडताना कलमदान खोचलेला एक उंच माणूस त्याने पाण्यात जाताना पाहिला. एवढ्यावरून पालाशविधी करावा असं शास्त्रीबुवांचं म्हणणं. ज्याचा देह मिळाला नाही त्याचा पळसाचा देह करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. मग तो मेला असं शास्त्र मानतं, त्याला पाणी मिळतं, आणि त्याची बायको विधवा होते. खरं तर बारा वर्षं वाट पाहायची असते. "पण पाहणारा साक्षी आहे," शास्त्रीबुवा म्हणाले, "मग बारा वर्षांचं कारण उरत नाही."

सासूबाई आत येऊन आईशी बोलत होत्या. वाईट बाई नव्हती ती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, पण जीभ शाबूत होती. "लग्नात हिला हळदकुंकू लावायचं की नाही, हे एकदा ठरायला नको का? लावावं तर लोक बोलणार, न लावावं तर मीच माझ्या मुलाला मारल्यासारखं. मी किती दिवस अशी मधे लटकून राहू?" आई म्हणाली, "तुम्ही लटकलाय, आणि माझ्या मुलीचे केस उतरणार." तेवढ्यात बाहेरून तात्यांचा आवाज आला, तो त्यांचा सकाळचा बसका आवाज: "शास्त्राचा आधार आहे. करायला हरकत नाही."

मला त्या क्षणी तात्यांचा इतका राग आला की मी दाराची फळी नखाने खरवडली. नंतर कळलं, की ते घाबरले नव्हते की लोकांना भुलले नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की जावई तिकडे कुठल्या तरी अनोळखी मुलखात पाण्यावाचून भटकतो आहे. ते दाराकडे तोंड करून म्हणालेही, "गोदू, तो तहानलेला असेल गं."

अक्का दाराआडून बोलली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पत्रावळी किती झाल्या हे सांगावं तसा. "तात्या, लढाई संपल्यावर पोथीतल्या बायका काय करतात? तो अध्याय आपण कधी वाचला नाहीत."

"फौज बाहेर असताना तो वाचत नाहीत, बाळ."

"फौज आता कुठे बाहेर आहे?"

अक्का पुढे म्हणाली, "आधी तो वाचा. देवळात, रोजच्यासारखा. मग आपण सगळे म्हणाल ते करीन." शास्त्रीबुवांना यात पोरकटपणा दिसला; ते म्हणाले, वाचा बापडे, एक दिवस इकडे की तिकडे. दाजीबांनी नुसती मान हलवली.

दुसऱ्या सकाळी कडी लावून मी ती कोरी पानं तात्यांना वाचून दाखवली. त्यांनी मला मधे तीनदा थांबवलं आणि प्रत्येक वेळी म्हणाले, "थांब, चष्मा पुसतो." त्यांच्याकडे चष्मा नव्हता. तेव्हा आमच्या गल्लीत कुणाकडेच नव्हता. सरदारांकडे असतो असं ऐकलेलं. मी बोट ओळीवर ठेवून थांबून राहिले.

त्या दुपारी बायकांची बाजू भरली आणि बायका पायऱ्यांवर, दीपमाळेखाली, थेट नदीच्या वाटेपर्यंत बसल्या. कुणी कुणाला सांगितलं होतं कोण जाणे. पुरुष मोजकेच. तात्यांनी शंख फुंकला नाही, टाळी वाजवली नाही. त्यांनी सांगितलं, की लढाई संपली आणि राण्या रणात आल्या. ज्यांच्या पायांनी कधी खडा पाहिला नव्हता त्या चिखलातून चालू लागल्या. जिंकणाऱ्यांच्या बायका आणि हरणाऱ्यांच्या बायका, सगळ्या एकाच चिखलातून. कुणी अंगठीवरून ओळखलं, कुणी हाताच्या घडणीवरून, कुणाला धड सापडलं आणि ती डोकं शोधत फिरली. एकीने गिधाडांना हाकललं, आणि हाकलता हाकलता तिला आठवलं की याच हाताने तिने अंगणातल्या चिमण्या हाकलल्या होत्या. हे शेवटचं पोथीत नव्हतं, मी वाचलं होतं ना, मला ठाऊक. ते तात्यांचं होतं.

ऊन कलत होतं. नदीकडून धुरकट गारवा वर येत होता आणि त्यात त्या सगळ्या बायका मला पाण्याखाली बसल्यासारख्या दिसत होत्या. वाती वळणारे हात थांबले होते. कुणी हुंदका दिला नाही. फक्त मधेच एक जण उठे, पदर सावरी आणि काठाने थोडी चालून परत येऊन बसे. मला पेंग आली होती की काय, सांगता येत नाही, पण मी पाहिलं की पोथीतल्या राण्या पायऱ्या उतरून आमच्यात येऊन बसल्या आहेत आणि आमच्यातल्या काही जणी उठून तिकडे चालल्या आहेत. पुरुषांच्या बाजूला एक म्हातारा शिलेदार म्यान गुडघ्यावरून काढून मागे ठेवत होता. साखर वाटायला आणलेली परात तशीच झाकलेली राहिली. पुढे देवळाच्या वहिवाटदारांनी तात्यांना महिनाभर पोथीवर बसू दिलं नाही. अशा कथेने देवस्थानाची शोभा जाते, असं त्यांचं मत पडलं.

घरी आल्यावर अक्काने तात्यांच्या पायावर पाणी घातलं आणि म्हणाली, "त्या आधी ओळखतात, तात्या. मग रडतात. मलाही आधी तो पळसाचा देह दाखवा."

हे कळल्यावर शास्त्रीबुवा चिडले. नदीवर, देहाला अग्नी देतात अशा जागी, बायकांनी यायचं नसतं, रीत नाही. तात्या म्हणाले, "पोथीतल्या गेल्या होत्या." इतकी वर्षं त्यांनी पोथी सांगितली, पण ती कुणाच्या बाजूने सांगितलेली मी ऐकली ती त्या दिवशी पहिल्यांदा. मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. आमच्या घरात तशी रीत नव्हती, म्हणून मी त्यांची काठी हातात दिली.

विधीच्या सकाळी मुठेवर धुकं होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता, पाणी कुठे संपतं आणि धुकं कुठे लागतं हेही कळत नव्हतं. एखादा बगळा त्यातून निघे आणि त्यातच विरघळे. वाळूवर काळं मृगाजिन अंथरून त्यावर शास्त्रीबुवांनी तो माणूस मांडला होता. पळसाच्या देठांचे हात, देठांचे पाय, मधे छाती, सगळ्याला लोकरीचा धागा गुंडाळलेला, वरून सातूच्या पिठाचं लिंपण, आणि डोक्याला नारळ. धाकट्या दिराचं लग्न तोंडावर होतं, त्याच्या हातून अग्नी द्यायचा नाही असं ठरल्यामुळे विस्तवाचं मडकं दाजीबांच्या हातात होतं. तो म्हातारा वाळूत रोवल्यासारखा उभा होता. सासूबाई घरीच राहिल्या होत्या. नाभिक जरा लांब, धोकटी मांडीखाली घेऊन, पाठ करून बसला होता. आई माझा हात इतका घट्ट धरून होती की तिच्या बांगड्या मला रुतत होत्या. घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर धुक्यात बायका उभ्या होत्या. देवळातल्याच. ज्यांच्या घरी कुणी परतलं नव्हतं त्या सगळ्या अक्काच्या कपाळाकडे बघत होत्या.

अक्का पुढे गेली आणि त्या पानांच्या माणसाशेजारी बसली. घाई नाही. तिने त्याच्या पायाकडे पाहिलं. हाताकडे पाहिलं. मग मान वाकडी करून नारळाकडे बराच वेळ पाहत राहिली, एखाद्या झोपलेल्याच्या तोंडाकडे बघावं तशी. शास्त्रीबुवा म्हणाले, "आटपा आता. चुडा उतरवा."

"हे ते नव्हेत," अक्का म्हणाली.

"अहो बाई, हे प्रतीक आहे. शास्त्राने—"

"मला ठाऊक आहे. पळस आहे. रोज लावते मी त्याची पानं." तिचा आवाज किंचितही चढला नाही. "यांची मान बारीक होती. पागोटं बसायचं नाही. ह्याला तर मानच नाही. मी कुणासाठी रडू?"

शास्त्रीबुवांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांना तो देह दिसतही नसणार, पण ते म्हणाले, "ओळख पटली नाही, बुवा." मग शास्त्रीबुवा वळले ते दाजीबांकडे. अग्नी देणारे ते, शेवटचा शब्द त्यांचा. "दाजीबा, तुम्ही वडील आहात. सुनेच्या म्हणण्यावर शास्त्र अडत नाही. मुहूर्त टळतो आहे, पुढे या."

दाजीबा पुढे आले. मडकं धरलेल्या हातांसकट ते वाकले, गुडघे टेकले. आईने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता पेटणार. दाजीबांनी तोंड नारळाच्या अगदी जवळ नेलं. पिठाने लिंपलेल्या त्या हातावरून त्यांनी स्वतःचं बोट फिरवलं, मनगटापर्यंत, आणि तिथे थांबले. मडक्यातला धूर त्यांच्या डोळ्यांत जात होता, पण ते तोंड बाजूला करत नव्हते. पायऱ्यांवरच्या बायकांतून कुणाची तरी बांगडी वाजली, तेवढाच आवाज.

"हात असा नव्हता त्याचा," दाजीबा म्हणाले. आणि मग मान वर करून अक्काकडे बघत, लहान मुलाने कबूल करावं तसं म्हणाले, "पोरी, माझाही नव्हे गं हा."

ते उठले, पाण्यात गुडघाभर गेले आणि विस्तव नदीत ओतला.